दारावरची निकासिया आणि नाकारलेला पेला

कॅसिनोच्या दारावर बाई उभी करायची अक्कल कोणाची होती, हे आरेकिपा शहरात आजवर कोणाला कळलेलं नाही. पण जो कोणी असेल त्याला माणसं कळत होती. दारात पुरुष रखवालदार असला की झिंगलेला गडी त्याच्यापुढे छाती काढतो, मागचंपुढचं उकरतो, आणि मग काचा फुटतात. दारात निकासिया हुइल्का दिसली की तोच गडी टोपी काढून म्हणायचा, "ममाय, निघालोच मी. ढकलू नका."

बाहेर काढायची तिची रीतही तिचीच. आधी ती माणसाला मिठी मारी. दोन्ही हात त्याच्या बरगड्यांभोवती आवळून, सख्ख्या आत्यानं जवळ घ्यावं तशी. मग तसाच उचलून पायरीखाली ठेवी. एवढ्यानं भागलं तर भागलं. नाही भागलं तर कानाखाली एक ठोसा. तो ठोसा खाल्लेल्यांपैकी काहीजणांना अजून उजव्या बाजूनं हाक मारावी लागते, डाव्या कानाला काही पोचत नाही. पण माणूस एकदा पडला की निकासियाचा हात खाली. पडलेल्याला मारणं तिच्या गावात कुत्र्यालाही शोभत नसे.

तिचं गाव वर डोंगरात, सांतो तोमास. तिथले लोक वर्षभराचे राग पोटात साठवतात आणि नाताळच्या दिवशी मैदानात उतरून ठोशालाथांनी फेडतात. मेंढी चोरली, बांध सरकवला, दुसरीच्या नवऱ्याकडे बघून हसली, काहीही असो. मध्ये चाबूकवाला पंच. आधी मिठी, मग मार, मग पुन्हा मिठी, आणि शेवटी दोघांनी एकाच पेल्यातून प्यायचं. प्यालं की राग मेला. त्यानंतर जो कोणी तो राग उकरेल त्याला पाणीसुद्धा कोणी देत नाही. निकासियाचा पहिला दात त्याच मैदानात गेला, तेव्हा तिला धड वेणी घालता येत नव्हती. जिनं पाडला तिचं नाक आजही वाकडं आहे, आणि दोघी एकमेकींच्या मुलांच्या बारशाला जाऊन आल्या.

तिच्या बापाला मात्र नाताळपर्यंत दम निघाला नाही. मक्याच्या दारूच्या गुत्त्यात पत्ते चालले होते, आणि एकानं त्याच्या हातचा पेला घेतला नाही. आम्हा डोंगरातल्यांकडे बाटली एक आणि पेला एक. आपल्यापुरतं ओतून घ्यायचं, बाटली शेजाऱ्याला द्यायची, पेला रिकामा करायचा, तळाचा फेस जमिनीवर झटकायचा, कारण धरणीमायलाही तहान असते, आणि पेला पुढे सरकवायचा. त्या पेल्याला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या आईला नाही म्हणणं. बापानं उठून त्या माणसाच्या डोक्यात वाटायचा दगड घातला. माणूस जागीच गेला. बाप कुस्कोच्या तुरुंगात खोकून खोकून गेला. आई आधीच गेलेली. उरली निकासिया आणि तिच्या पाठीवर बांधलेला धाकटा भाऊ, एलेउतेरिओ. मेंढरं वळताना, बटाटे काढताना, शहरात आल्यावर दगडाच्या खाणीत पाट्या वाहतानाही तो पाठीवरच होता. देवाकडे तिचं मागणं एकच असे. पोरगा मार खाऊ दे, मार देऊ दे, पण बापाच्या वाटेनं जाऊन त्यानं कोणाचा जीव घेऊ नये.

आता ह्या कॅसिनोत सगळंच उलटं. तिथं ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा ग्लास, आणि तोही फुकट. फुकट कसला, हरणाऱ्याच्या खिशातून काढायचं आणि हरणाऱ्यालाच पाजायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मॅनेजर ओलासाबाल राजधानीहून, लिमाहून आलेला, केसांना तेल, बोटात अंगठी. तो ट्रे धरणाऱ्या पोरींना शिकवायचा, "जिंकणारा उठायला लागला की एक द्या. हरणारा रडायला लागला की दोन द्या." स्वतः थेंबाला शिवत नसे. विष विकणारा चाखून थोडाच बघतो.

आणि न शिवणारा दुसरा, सिऊ म्हातारा. त्याच्या आज्याला चीनमधून जहाजात घालून उसाच्या मळ्यात राबायला आणलं होतं. नातवाचं आता बाजारात तांदळाचं दुकान. रोज दुपारी दुकान सुनेवर टाकून तो चहाचा थर्मास काखोटीला मारून यायचा आणि पत्त्यांच्या टेबलाशी त्याच खुर्चीत बसायचा. दारूचा ट्रे आला की हात आडवा. "पत्ते शुद्धीत खेळायचे असतात," म्हणायचा. "पिऊन खेळणारा म्हणजे डोळे बांधून नदीत उतरणारा." पिणाऱ्याशेजारी बसलं तर आपलं नशीबही बाटतं, अशी त्याची समजूत. डोंगरातल्या गड्यांना तो शिष्ट वाटे, त्याला ते गडी रेडे वाटत. निकासियाला दोघांचंही पटे. दारात उभं राहून राहून माणसाला दोन्हीकडचं पटायला लागतं, हा त्या नोकरीचा एक तोटा.

एका दुपारी एलेउतेरिओ सोन्याच्या खाणीवरून शहरात उतरला. बरोबर खाणीतले दोस्त, त्यांचा म्होरक्या ब्राउलिओ. तोंडात कोकाची पानं, बुटांवर अजून खाणीचा चिखल. बहिणीच्या गालाला गाल लावून आत गेला, नेमका सिऊच्या शेजारी बसला, आणि जिंकायला लागला. थांबेचना. मग त्यानं ट्रेवाल्या पोरीला हाक मारली.

"हे नखाएवढे ग्लास उचल बघू! बियरची मोठी बाटली आण आणि एक पेला. आम्ही काय अनाथ आहोत, एकेकटे प्यायला?"

निकासिया दारातून ओरडली, "एलेउको, खेळायचं तर खेळ. प्यायचं तर माझ्या घरी जाऊन पी."

"आक्का, जिंकणाऱ्यानं नाही पाजायचं तर कोणी पाजायचं? तूच शिकवलंस ना?"

टेबलावरचे हसले. शिकवलं होतंच.

पेला फिरायला लागला. ब्राउलिओ प्याला, बाकीचे प्याले, टेबलावर पत्ते वाटणाऱ्या पोरानंही नजर चुकवून ओठ लावला. मग एलेउतेरिओनं पेला काठोकाठ भरून सिऊपुढे धरला. मनापासून धरला, दोन्ही हातांनी.

"घ्या ताय्ता, वडीलधारे तुम्ही. तुमच्या शेजारी बसलो म्हणून हात चालला माझा."

सिऊनं पेल्यावर पंजा ठेवला. "मी घेत नाही."

"नुसता ओठ लावा. मोठ्या माणसाचा मान आहे."

"टेबलावर नाही म्हटलं ना. तुमचं सगळ्यांचं उष्टं गटार तिकडे धर."

ब्राउलिओ खिदळला. "एलेउको, चिनोला तुझ्या हाताचा वास येतोय रे! साबण लावून ये जा!"

एलेउतेरिओचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानं तो पेला स्वतःच एका दमात रिकामा केला आणि हाताच्या सवयीनं फेस खाली झटकला. पण खाली धरणीमाय नव्हती. खाली हिरवं टेबल होतं. फेस सिऊच्या पत्त्यांवर, बाहीवर, तोंडावर उडाला. असली चूक फक्त आमच्यातला माणूस करू शकतो, आणि ती चूक होती हे सिऊला कोण सांगणार? त्याच्या लेखी एका दारुड्यानं भर टेबलावर त्याच्या नशिबावर थुंकी टाकली होती.

"गुरं!" म्हातारा उठला. "गोठ्यात झटका जाऊन!" आणि थर्मासचा वाफाळता चहा त्यानं एलेउतेरिओच्या तोंडावर फेकला.

एलेउतेरिओ किंचाळला. डोळे मिटलेलेच, हाताला लागली ती बाटली उचलली आणि सिऊच्या तोंडावर हाणली. बाटली फुटली, जबडाही फुटला, आणि तो आवाज निकासियाला दारापर्यंत ऐकू आला. हिरव्या कापडावर रक्त, दात, बियर, सगळा काला. म्हातारा खुर्चीसकट मागे पडला. एलेउतेरिओच्या हातात बाटलीची मान उरली होती, आणि ती घेऊन तो पडलेल्या सिऊवर वाकला.

त्या दिवशी मिठी मारायला वेळ नव्हता. निकासियानं टेबल ओलांडलं, भावाच्या मनगटावर टाच हाणली, काच उडाली, आणि कानाखाली तो ठोसा. लहानपणी ज्या कानात ती तेल घालायची, तोच कान. तो पडला. तिनं त्याला केसांना धरून दोस्तांच्या पायांमधून फरफटत नेलं आणि पायरीखाली टाकलं.

आत ओलासाबाल म्हणत होता, "कापड बदला. आणि सगळ्यांना एकेक पेग, कॅसिनोकडून."

सिऊला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी जबडा तारेनं बांधला. एलेउतेरिओ बहिणीच्याच घरी परतला, दुसरीकडे त्याला होतं कोण? सकाळी निकासिया उठली तर तो उंबऱ्याच्या दगडावर मेंढी कापायचा सुरा परजत बसलेला. चहानं सोललेल्या गालावर फोड आले होते.

"मेंढी तर दिसत नाही कुठे," ती म्हणाली.

"म्हातारी मेंढी आहे. रोज दुपारी तुझ्या दारातून आत जाते."

"इस्पितळातून सुटला की जाईल. मग?"

"मग काय? जाऊ दे आत. बाहेर येताना पोट धरून येईल."

"बापाला जीव घेऊन काय मिळालं रे? तुरुंगातली चटई?"

"बापानं निदान मान खाली नाही घातली." सुऱ्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला. "माझा पेला नाकारला त्यानं. सगळ्यांदेखत. आणि तू मला सगळ्यांदेखत केसांना धरून ओढलंस, बायकोनं दारुड्याला ओढावं तसं. ब्राउलिओ काल रात्रभर हसला."

निकासियाला हेच हवं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "म्हणजे माझ्यावरही राग आहे."

"आहेच."

"मग आधी माझ्याशी फेड. रविवारी, मैदानात, पंचासमोर. तू जिंकलास तर मी दारातून बाजूला होईन. म्हातारा आणि तू, बघून घ्या. मी जिंकले तर सुरा माझ्या हातात द्यायचा आणि सिऊचं नाव पोटातून काढून टाकायचं."

तो हसला. "आक्का, तुझे गुडघे कुरकुरतात. मी मारीन तुला."

"मार की. पाठीवर होतास तेव्हाही लाथाच मारायचास."

आमच्या डोंगरातले जे शहरात राहतात त्यांचा पंच म्हणजे बटाट्याचा व्यापारी ताय्ता मेल्कियादेस. तो आधी कबूलच होईना. "नाताळ कुठे आहे आत्ता? अवेळी झुंज लावली तर डोंगर रागावतात, बाई."

"नाताळपर्यंत सिऊ जगत नाही, ताय्ता. आणि भाऊ मग तुरुंगातून सुटत नाही. तुमच्या डोंगरांना विचारा, त्यांना अजून एक कैदी हवाय का?"

मेल्कियादेसनं खुंटीवरचा चाबूक काढला आणि तेल लावायला घेतला.

रविवारी बस डेपोमागच्या पटांगणात माणसं जमली. ऊन डोक्यावर, समोर मिस्तीचं शिखर, वारा धूळ उडवतोय. गावच्या बायकांनी भाजलेला मका आणला होता, आणि शेवटच्या पेल्यासाठी एक बाटली. निकासियानं सकाळपासून मक्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं. तिनं घागरे कंबरेला खोचले, वेण्या मागे बांधल्या. एलेउतेरिओ आला तो डुलतच. मागून ओलासाबालची गाडी. त्यानं बियरचे क्रेट आणले होते, आणि कॅसिनोतली अर्धी गिऱ्हाइकं.

"प्या, प्या, फुकट आहे!" तो क्रेटवर चढून ओरडत होता. "बोला, बहीण की भाऊ? कोण कोणावर लावतं?"

खाणवाले एलेउतेरिओवर लावायला लागले. दोस्तांनी त्याच्या तोंडात अजून एक बाटली कोंबली. मेल्कियादेस चालत गेला आणि ओलासाबालच्या अंगठीच्या हातावर चाबूक ओढला. कातडी फाटली. दुसऱ्या फटक्याला तो क्रेटवरून खाली आला, तिसऱ्याला बाटल्या.

"इथं पितात ते राग संपवायला," ताय्ता म्हणाला. "तू पाजतोस ते माणूस खुर्चीतून उठू नये म्हणून. आमच्या मैदानात तुझा धंदा नको. मागे हो."

ओलासाबाल हात दाबत गाडीत जाऊन बसला. काच खाली ठेवली मात्र, बघायचं तर होतंच.

बहीणभावांनी मिठी मारली. त्याच्या अंगाला दारूचा वास, तिच्या अंगाला चुलीचा. चाबूक हवेत वाजला.

पहिला ठोसा त्याचाच, तिच्या ओठावर. दात ओठातून आरपार आला. दुसरा डोळ्यावर. लोक ओरडले. त्याच्या हातात खाणीतली ताकद होती, दगड फोडणारी. तिनं लाथ घातली ती नडगीवर बसली, त्यानं घातली ती बरगडीवर, आणि आत काहीतरी काडीसारखं मोडलं. निकासिया वाकली. त्यानं वेणी धरून तिचं डोकं वर ओढलं, तेव्हा मेल्कियादेसनं त्याच्या मनगटावर चाबूक मारला, वेणी धरायची नसते. तेवढ्या उसंतीत तिनं श्वास घेतला. रक्त गिळलं. पोराचे डोळे तिनं पाहिले, एका जागी ठरत नव्हते. एक निकासिया मारायची तर त्याला दोन दिसत होत्या, आणि तो चुकीच्या निकासियाला मारत होता.

मग ती आत घुसली. पोटात एक, परत पोटात, त्याची फुकटची बियर नाकातोंडातून बाहेर आली. तो ओकत असतानाच जबड्याखालून वर एक, आणि चहानं सोललेल्या गालावर एक. गालाची साल तिच्या मुठीला चिकटली. तो गुडघ्यावर आला. मग धुळीत आडवा झाला.

तिचा हात खाली आला. मेल्कियादेसनं चाबूक आडवा धरला. संपलं.

एलेउतेरिओ उठला, तशी तिनं रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पसरले. फुटका ओठ, मिटलेला डोळा, आणि हात पसरलेले. गर्दीतून ब्राउलिओ ओरडला, "जा, बस बहिणीच्या पाठीवर!" आणि एलेउतेरिओनं त्या उघड्या छातीवर, मोडलेल्या बरगडीवरच, सगळी ताकद लावून ठोसा मारला.

पसरलेल्या हातांवर मारणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. पुढच्या क्षणी सगळे त्याच्यावर तुटून पडले. गावचे, खाणीतले, आणि सगळ्यांत आधी त्याच्यावर पैसे हरलेला ब्राउलिओ. बूट, काठ्या, दगड. मेल्कियादेस चाबूक चालवत होता, तो त्यांना आवरायला की त्यालाच झोडायला, कोणाला कळेना. एका बाईनं मक्याचं मडकं त्याच्या डोक्यात फोडलं.

निकासियाला श्वास घेता येत नव्हता. ती रांगत पायांमधून आत शिरली आणि त्याच्यावर पालथी पडली. सगळे घागरे पसरून, कोंबडीनं पिलावर बसावं तशी. आता लाथा तिच्या पाठीत बसायला लागल्या. चाबकाचा एक फटका मानेपासून कंबरेपर्यंत गेला.

"ममाय, बाजूला व्हा!" कोणीतरी ओरडलं. "तो रिवाज मोडून बसलाय!"

"पडलाय तो!" ती रक्त थुंकत ओरडली. "पडलाय! डोळे फुटलेत का तुमचे? पडलेल्याला मारता, तुम्ही कुठल्या डोंगरातले रे?"

अजून दोनचार लाथा पडल्या, सुरू झालेलं पाऊल लगेच थांबत नाही. तेवढ्यात तिला खाली हालचाल जाणवली. त्याचा हात स्वतःच्या बुटाकडे सरकत होता. सुरा बुटात असतो, हे तिला ठाऊक होतं. ती तशीच पडून राहिली. आता हलायचं नाही, खुपसला तर मला खुपसू दे, दुसऱ्या कोणाला नको, एवढंच तिच्या मनात आलं.

तिच्या पंजात काहीतरी सरकलं. सुऱ्याची मूठ होती ती. पातं त्यानं स्वतःच्या बोटांत धरलं होतं, आणि बोटं कापून रक्त येत होतं.

"आक्का, घे," तो तिच्या कानात म्हणाला. "आणि ऊठ. मरशील."

"आधी सिऊ सोड."

"सोडला."

"मोठ्यानं म्हण."

"सोडला!" तो हुंदका देत ओरडला, आणि लोकांचे पाय थांबले.

बायकांनी दोघांना धरून बसवलं. पेला आणला. एलेउतेरिओला ओठ मिटता येत नव्हते, अर्धी बियर हनुवटीवरून गळ्यात गेली. त्यानं फेस धुळीत झटकला आणि पेला तिला दिला. ती प्याली. फुटलेल्या ओठाला इतकी झोंबली की तिनं मेल्कियादेसला चार शिव्या हासडल्या. मेल्कियादेसनं त्या मान खाली घालून घेतल्या.

बरगड्या बांधून निकासिया पुन्हा दारावर उभी राहिली. ओलासाबाल तिला काढून टाकणार, असं सगळे म्हणत होते. त्याच्या हातावर वळ होता, पण रविवारची गोष्ट शहरभर झाली होती, आणि ती बाई बघायला म्हणून येणारी माणसं आत जाऊन खेळतही होती. त्यानं तिचा पगार वाढवला नाही, एवढाच सूड.

सिऊही परत आला, तारेनं बांधलेला जबडा घेऊन. ज्या दुपारी तो आला त्याच दुपारी एलेउतेरिओ समोरच्या फुटपाथवर खाणीकडे जाणाऱ्या बसच्या टपावर गाठोडी चढवत होता. हाताला फडकं बांधलेलं. म्हाताऱ्यानं त्याला पाहिलं. त्यानं म्हाताऱ्याला पाहिलं. माफी कोणी मागितली नाही, मागणारही नव्हतं. सिऊनं निकासियाच्या काळ्यानिळ्या डोळ्याकडे बघून नाक मुरडलं, बांधलेल्या दातांतून कसाबसा म्हणाला, "तुमच्या लोकांना अक्कल नाही, सेन्योरा," आणि आत गेला.

"तुमच्या लोकांना तहान नाही," ती म्हणाली.

एलेउतेरिओ रस्त्यावर थुंकला, बसमध्ये चढला, आणि खिडकीतून बहिणीला हात करत राहिला, बस वळेपर्यंत. तिनं हात केला नाही. बरगडी दुखत होती, आणि आत कोणीतरी टेबल उलटं केल्याचा आवाज आला होता.